न चाललेल्या ओळींचा हिशेब

प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतही नोव्हेंबर २०१७ पासून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम उरलेली नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हा कर्नल प्रथम लोकांसमोर ठेवला, तेव्हा तो सुमारे दहा हजार ओळींचा होता. आज त्याच्या ओळी तीन कोटींच्या पुढे गेल्या आहेत. एखादे अ‍ॅप कोसळले तर ते एकटे बंद पडते. कर्नल चुकला तर सगळे यंत्रच थांबते किंवा परक्याच्या ताब्यात जाते. म्हणून नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिच्यावर चाचण्यांचा मारा होतो. त्या सगळ्या पास झाल्या तरी एक प्रश्न उरतोच : या चाचण्यांमध्ये कर्नलच्या कोणत्या ओळी प्रत्यक्ष चालल्या, आणि कोणत्या ओळींकडे कोणी फिरकलेच नाही?

याचे उत्तर शोधण्याच्या तंत्राला कोड कव्हरेज म्हणतात. जनगणनेचा प्रगणक घरोघर जाऊन दारावर क्रमांक लिहितो, तसे हे काम आहे. क्रमांक नसलेले दार दिसले की तिथे कोणी गेलेले नाही हे पक्के कळते. क्रमांक असलेल्या दाराआड सगळे ठीक आहे, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. कव्हरेजची ताकद आणि मर्यादा या दोन वाक्यांत येतात.

साध्या प्रोग्रामचे कव्हरेज मोजणे अवघड नाही. जीसीसी कंपायलरसोबत जीकॉव्ह हे साधन येते. कंपायलर कोडचे छोटे छोटे ठोकळे पाडतो. ठोकळ्यात शिरलेली अंमलबजावणी शेवटपर्यंत सरळ जाते आणि फाटा फक्त ठोकळ्याच्या टोकाला फुटतो. या फाट्यांवर कंपायलर काउंटर बसवतो. ते प्रत्येक फाट्यावर लागत नाहीत. एका चौकात किती जण आले आणि एक सोडून बाकी रस्त्यांनी किती गेले हे कळले, की उरलेल्या रस्त्याचा आकडा वजाबाकीने मिळतो. त्यामुळे मोजके काउंटर पुरतात. प्रोग्राम संपताना हे आकडे फाइलमध्ये लिहिले जातात आणि मूळ कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती किती वेळा चालली ते दिसते.

कर्नलमध्ये यातले जवळजवळ प्रत्येक गृहीतक मोडते. कर्नल संपतच नाही, मग आकडे लिहायचे कधी? फाइल उघडून लिहिण्याची सोय साध्या प्रोग्रामला कर्नलच पुरवतो. स्वतःसाठी ती त्याला तशी वापरता येत नाही. यंत्र सुरू होतानाच्या अगदी पहिल्या टप्प्यातला काही कोड अशा अवस्थेत चालतो, की तिथे काउंटरला जागाच नसते. वेळ विचारण्यासारखी कामे झटपट व्हावीत म्हणून कर्नलचा एक छोटा तुकडा वापरकर्त्याच्या प्रोग्रामच्या बाजूने चालवला जातो. त्याला कर्नलच्या मेमरीत लिहिण्याची परवानगी नसते, म्हणून तोही मोजणीतून वगळावा लागतो. ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून टाकले की त्याचे काउंटरही जातात; ते जपायची वेगळी व्यवस्था लागते. शिवाय अनेक प्रोसेसर एकाच वेळी एकच काउंटर वाढवू लागले, की काही वाढी हरवतात. ओळ चालली की नाही एवढेच हवे असेल तर याने फारसे बिघडत नाही, पण किती वेळा चालली याचा आकडा तितका भरवशाचा राहत नाही.

या अडचणींशी पहिली पद्धतशीर झुंज लिनक्स टेस्ट प्रोजेक्टच्या आवारात झाली. एसजीआय कंपनीने सुरू केलेला हा चाचण्यांचा संच पुढे आयबीएमसह अनेक कंपन्यांनी वाढवला. संच मोठा होत गेला तशी ‘आपण नेमके काय तपासतो आहोत?’ ही शंकाही मोठी होत गेली. २००३ च्या ओटावा लिनक्स सिंपोझियममध्ये आयबीएमच्या पॉल लार्सन, नायजेल हाइंड्स, राजन रवींद्रन आणि ह्युबर्टस फ्रँके यांनी कर्नलचे कव्हरेज मोजून हाच संच कसा सुधारता येईल, यावर निबंध मांडला. त्यांचा मार्ग म्हणजे जीकॉव्ह कर्नलला जोडणारा एक पॅच. तो मुख्य कर्नलच्या बाहेरच होता, त्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्याची डागडुजी करावी लागे.

सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ ही आवृत्ती आली आणि जीकॉव्हला कर्नलमध्ये अधिकृत घर मिळाले. हे काम आयबीएमचे पीटर ओबरपार्लाइटर यांचे. फाइल लिहिण्याच्या अडचणीवर त्यांची तोड सरळ आहे. कर्नल स्वतः काही लिहीत नाही. आपले काउंटर तो डीबगएफएस या खास फाइलसिस्टिममधून फाइलींच्या रूपात दाखवतो आणि बाहेरचा प्रोग्राम त्या वाचून घेतो. रीसेट नावाच्या फाइलमध्ये काहीही लिहिले की सगळे काउंटर शून्यावर येतात. एक चाचणी चालवायची, आकडे उचलायचे, शून्य करायचे, पुढची चाचणी घ्यायची. ओबरपार्लाइटर यांचेच एलकॉव्ह हे साधन या आकड्यांची वाचता येईल अशी पाने बनवते. त्यांत चाललेल्या ओळी एका रंगात असतात, न चाललेल्या दुसऱ्या. मोठ्या फाइलीचे असे पान पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर न चाललेल्या रंगावर खिळते, कारण तिथे बहुतेक वेळा चुका हाताळणारा कोड असतो : मेमरी मिळाली नाही तर काय, डिस्कने उत्तर दिले नाही तर काय, अर्धवट उभे राहिलेले काम मागे कसे घ्यायचे. हा कोड संकटाच्या वेळीच लागतो आणि चाचणीत सहसा चालत नाही.

जीकॉव्ह अख्ख्या यंत्राची बेरीज देतो. त्यात चाचणीने चालवलेल्या ओळी असतात, मागे चालू असलेल्या इतर प्रोग्रामांमुळे चाललेल्याही असतात आणि नेटवर्क कार्डाच्या इंटरप्टमुळे चाललेल्याही. महिन्याच्या अहवालाला हे चालते. पण ‘या एका सिस्टिम कॉलमुळे, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या एका मागणीमुळे, नेमके काय चालले?’ असे विचारले, तर जीकॉव्हकडे उत्तर नाही.

ते उत्तर देणारे केकॉव्ह गुगलच्या दिमित्री व्ह्यूकोव्ह यांनी लिहिले आणि २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत आले. इथे कंपायलर काउंटर ठेवत नाही. प्रत्येक ठोकळ्यात तो एका छोट्या फंक्शनची हाक घालतो, आणि ते फंक्शन आपल्याला कुठून बोलावले तो पत्ता बफरमध्ये नोंदवते. नोंद होते ती फक्त ज्या थ्रेडने मागणी केली त्याच्या नावावर. इंटरप्ट मध्ये आला तर त्याचे पत्ते गाळले जातात. बफरच्या पहिल्या घरात किती पत्ते जमले तो आकडा असतो आणि पुढे एकामागून एक पत्ते. पत्त्यावरून मूळ ओळ शोधता येते. एवढ्या साध्या रचनेमुळे एका सिस्टिम कॉलचा कर्नलमधला माग जवळजवळ जसाच्या तसा हाती येतो.

ही मोजणी अहवालासाठी नव्हती. व्ह्यूकोव्ह यांना ती सिझकॉलर या फझरसाठी हवी होती. फझर म्हणजे प्रोग्रामवर आडवातिडवा इनपुट फेकून तो कोसळतो का हे पाहणारे साधन. कर्नलवर असा मारा करणारी साधने आधीही होती. डेव्ह जोन्स यांचे ट्रिनिटी त्यांतले नावाजलेले. पण आपला फटका कुठे लागला हे त्या साधनाला कळत नसे. सिझकॉलर व्हर्च्युअल मशीनमध्ये सिस्टिम कॉलची एक छोटी मालिका चालवतो आणि केकॉव्हचा बफर वाचतो. त्यात आधी कधीच न दिसलेला पत्ता आला तर ती मालिका जपून ठेवतो, नाहीतर सोडून देतो. जपलेल्या मालिकेत थोडा बदल करून ती पुन्हा चालवतो. हे चक्र रात्रंदिवस फिरते. कव्हरेज इथे शोधाला दिशा देते. कर्नलची मेमरी चुकीच्या रीतीने वापरली गेली की ताबडतोब ओरडणारा केएसॅन हा पहारेकरी सोबत असतो. २०१७ पासून सिझबॉट ही यंत्रणा हे सगळे आपोआप करते आणि सापडलेले बग विकासकांना कळवते. तिच्यामुळे दुरुस्त झालेले बग हजारोंत आहेत.

एक उदाहरण पाहू. फेब्रुवारी २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलरच्या मदतीने डीसीसीपी या क्वचित वापरल्या जाणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलमधला एक दोष जाहीर केला. जोडणीची विनंती आणणारे पॅकेट हाताळून झाले की कर्नल त्याची मेमरी मोकळी करत असे. पण सॉकेटवर आयपीव्ही६ चा एक विशिष्ट पर्याय लावलेला असेल, तर त्याच पॅकेटचा पत्ता पुढच्या वापरासाठी दुसरीकडेही जपला जाई. परिणामी एकच मेमरी दोनदा मोकळी होई, आणि एवढ्या फटीतून यंत्रावरचा साधा वापरकर्ता सर्वाधिकार मिळवू शकत असे. सप्टेंबर २००६ च्या २.६.१८ मध्येही हा दोष होता. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ तो असंख्य यंत्रांत पडून होता.

या दोषाने दोन गोष्टी शिकवल्या. जिकडे कोणी फिरकत नाही तिथे चुका टिकतात, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. मेमरी मोकळी करणारी ओळ प्रत्येक जोडणीत चालत होती आणि पत्ता जपणारी ओळही आपल्या जागी बरोबर होती. दोन्ही सुट्या तपासल्या असत्या तर अहवालात त्या ‘चालल्या’ म्हणूनच दिसल्या असत्या. चूक त्यांच्या एकत्र येण्यात होती.

म्हणून मोजणीचे हत्यार आणखी बारीक होत गेले. कोड ज्या आकड्याशी तुलना करतो तो फझरला कळवण्याची सोय केकॉव्हमध्ये आली, म्हणजे नेमक्या आकड्याशिवाय न उघडणारी वाट अंदाजाने शोधावी लागत नाही. दुसऱ्या कर्नल थ्रेडमध्ये होणारे काम मूळ मागणीशी जोडण्याची सोयही आली. यूएसबी ड्रायव्हरांची तपासणी त्यामुळे शक्य झाली. चुका हाताळणारा कोड चालावा म्हणून मेमरीची मागणी मुद्दाम नाकारण्याची यंत्रणा कर्नलमध्ये आहे, आणि सिझकॉलर तीही वापरतो. विमानांतल्या सर्वांत जोखमीच्या सॉफ्टवेअरला तर ओळी चालल्या एवढे पुरत नाही. एका निर्णयात अनेक अटी असतील, तर त्यांतली प्रत्येक अट एकटीच्या बळावर निर्णय बदलू शकते हे चाचणीने दाखवावे लागते. ही मोजणी करण्याची सोय क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरांत २०२४ मध्ये आली.

कर्नलचे कव्हरेज किती टक्के, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कर्नलच्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. जे उपकरण यंत्रात नाही त्याचा कोड चालणार कसा? ज्या प्रोसेसरसाठी बांधणीच केली नाही, त्याचा भाग भागाकारात धरायचा का? छेद बदलला की टक्केवारी बदलते. आणि आकडा वाढवण्यासाठी लिहिलेली चाचणी ओळ चालवते, पण निकाल बरोबर आला का हे विचारत नाही. माझ्या मते टक्केवारी अहवालाच्या तळाशी असावी आणि न चाललेल्या ओळींची यादी वर. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर माणसाने उत्तर लिहावे : ही चाचणी लिहायची राहिली, ही ओळ चालवायला अमुक उपकरण हवे, किंवा ही ओळ कशालाच लागत नाही, काढून टाका. मोजमापाचा खरा उपयोग या उत्तरांत आहे.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवला जातो. तो शिकणाऱ्यांना माझे सांगणे आहे. यातली सगळी साधने मोफत आहेत, त्यांचा कोड खुला आहे. जानेवारी २०२० पासून कर्नलमध्येच असलेली केयुनिट ही चाचणी-चौकट कर्नलला साध्या प्रोग्रामसारखे चालवून तपासते, आणि तिच्याबरोबर जीकॉव्ह वापरता येतो. त्यासाठी लॅपटॉपपलीकडे काही लागत नाही. कर्नलमधली एक छोटी फाइल निवडा, तिचे कव्हरेज काढा, न चाललेली एक ओळ शोधा आणि ती का चालली नाही याचे कारण समजेपर्यंत तिला सोडू नका. मग तिची चाचणी लिहून पाठवा. कर्नलमध्ये शिरण्याचे यापेक्षा प्रामाणिक दार मला माहीत नाही.