गोपनीय अहवाल, ‘अनोळखी’ आरोपी
 २३ मार्च २०२१ ला, आजचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विरोधी पक्षनेते असताना, पोलिस बदल्यांतल्या दलालीवरच्या गुप्तवार्ता विभागाच्या अहवालाचा हवाला देत ते ६.३ जीबी डेटा घेऊन केंद्रीय गृहसचिवांकडे गेले. अहवाल फुटला कसा, यावर बीकेसी सायबर पोलिसांत १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी मात्र ‘अनोळखी’! गोपनीयतेची शपथ मंत्र्यांना असते, विरोधी पक्षनेत्याला नाही. हा कायदा मात्र कुणालाच सोडत नाही, निदान कागदावर तरी. १३ मार्च २०२२ ला पोलिसांनी फडणवीसांचा जबाब त्यांच्याच बंगल्यावर जाऊन घेतला. जूनअखेर सरकार बदललं, जुलैत तपास सीबीआयकडे गेला आणि पुढे प्रकरण बंद झालं.