प्रोग्राम अडकला म्हणजे कॉम्प्युटर बिघडला असं नव्हे

तासभर बसून तुम्ही पेन्शनचा अर्ज टाइप केलाय आणि अचानक खिडकी पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी येते. बहुतेकांचा हात थेट पॉवरच्या बटणाकडे जातो. फौजेत आम्हाला शिकवलं होतं, आधी पाहणी, मग कारवाई. इथेही तेच करायचं.

त्या पाटीचा अर्थ एवढाच, की प्रोग्रामने सुमारे 5 सेकंद माउस-कीबोर्डचे निरोप उचललेले नाहीत. तो कदाचित मोठी फाइल उघडत असेल, प्रिंटरची किंवा नेटची वाट बघत असेल. म्हणून दोन-तीन मिनिटं थांबा. सारखं क्लिक करू नका. ते क्लिक रांगेत साठतात आणि प्रोग्राम जागा झाला की भलतंच काही दाबलं जातं.

आता कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागला-विझला, तर मशीन बहुधा जिवंत आहे, एकटा प्रोग्राम अडकलाय. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोग्रामच्या नावापुढे सीपीयू आणि डिस्कचे आकडे दिसतात. आकडे हलत असतील तर काम चालू असू शकतं, आणखी थोडा धीर धरा. बराच वेळ शून्यावरच असतील, तर नाव निवडून ‘एन्ड टास्क’ करा. बाकीचे प्रोग्राम सुरूच राहतात. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून ‘फोर्स क्विट’ करायचं.

बंद केलेल्या प्रोग्राममधलं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. वर्ड साधारणपणे दर 10 मिनिटांनी आपली एक प्रत ठेवतो, पुन्हा उघडल्यावर ती समोर येते. तरी कंट्रोल-एसची सवय लावून घ्या.

दिवा हलत नाही, माउस हलत नाही, टास्क मॅनेजरही येत नाही, असं झालं तरच पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइल खराब होऊ शकते, म्हणून हा उपाय शेवटचा.

आणि एक गोष्ट आपल्या वयाच्या लोकांनी पक्की लक्षात ठेवावी. कधी ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो आणि ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ असं दिसतं. हा बिघाड नाही, ही फसवणूक आहे. खऱ्या विंडोजच्या सूचनेत फोन नंबर नसतो. फोन करू नका, सांगितलेलं कुठलंही ॲप टाकू नका. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 लावा. भारतात कुठूनही हा सायबर मदतीचा नंबर चालतो, आणि जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आज घरी एकदा टास्क मॅनेजर उघडून बघा. सगळं सुरळीत असताना सराव झाला, की अडचणीच्या वेळी हात थरथरत नाही.