शेंडा खुडला की फांद्या का फुटतात? आधी घड्याळ बघा

तुरीचा शेंडा खुडला की खालून फांद्या फुटतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खुडणी त्यासाठीच तर करतात! प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी तयार असते, फक्त थांबलेली असते. तिला थांबवतं कोण?

तुमचं पाठ केलेलं उत्तर असेल: शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन. त्यामागचा प्रयोग खरंच चांगला आहे. १९३३ मध्ये थिमन आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन दिलं. कळ्या दबलेल्याच राहिल्या. म्हणजे शेंड्याचं काम ऑक्सिन करू शकतं. मग विषय संपला का?

नाही. पहिली अडचण म्हणजे शेंड्याकडून आलेलं ऑक्सिन खोडातून खाली जातं, पण कळीत शिरून तिला थांबवत नाही. मधे कुणीतरी निरोप्या हवा. २००८ मध्ये वाटाणा आणि भातावरच्या कामातून असा एक निरोप्या सापडला, स्ट्रिगोलॅक्टोन.

दुसरी अडचण वेळेची. इथे साधं गणित करून बघा. ऑक्सिन खोडातून तासाला साधारण १ सेंटीमीटर सरकतं. कळी कापाच्या २० सेंटीमीटर खाली असेल, तर ऑक्सिन आटल्याचं तिथे कळायला २० तास लागतील. पण वाटाण्यात अशा लांबच्या कळ्या त्याच्या आधीच वाढू लागतात!

मग इतक्या लवकर काय पोचतं? साखर. वाढणारा शेंडा पानांत बनलेली साखर स्वतःकडे ओढत असतो. तो गेला की ती साखर कळ्यांकडे वळते, आणि साखरेचा प्रवास ऑक्सिनपेक्षा कितीतरी वेगवान असतो. २०१४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने शेंडा शाबूत असलेल्या वाटाण्याला जादा साखर पुरवली, तरी कळ्या जाग्या झाल्या.

म्हणून ऑक्सिन खोटं ठरलं का? तसंही नाही. सुरुवातीचा इशारा साखरेचा; पुढची वाढ टिकणार की नाही, हे ठरवण्यात ऑक्सिन आणि स्ट्रिगोलॅक्टोन असतातच. १९३३ चं निरीक्षण आजही बरोबर आहे. ऑक्सिन कळीला थांबवू शकतं, एवढं त्यातून सिद्ध होतं. कळी जागी होताना पहिली हालचाल कशाने होते, हा वेगळा प्रश्न आहे.

रिसर्च प्रपोजल लिहिताना हा फरक लक्षात ठेवा. 'अमुकमुळे तमुक होतं' असं लिहिलंत की शेजारी दोन आकडे मांडा: कारण किती वेळात पोचतं, आणि परिणाम किती वेळात दिसतो. परिणाम आधी आला, तर तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.