कर्ण्याचा कंठ आणि मोठा शंकू

आमच्या शेजारीं एक तरुण राहतो. त्याचे आजोबा तबला उत्तम वाजवीत. ते गेल्यावर त्यांच्या वादनाचें एक जुनें ध्वनिमुद्रण तेवढें घरीं उरलें, आणि त्यांतील डग्ग्याचा घुमारा जसाच्या तसा ऐकूं यावा या हौसेनें या मुलानें प्लायवुडची एक कपाटाएवढी पेटी स्वतः तयार केली. पेटी कसली, आंत घड्या घातलेला कर्णाच तो. तिच्यांत १२ इंची स्पीकर होता आणि आवाजहि सुरेख येत होता. परंतु स्पीकर जितका मोठा तितका खर्ज खोल, असें त्याला कोणीं तरी सांगितलें. झालें! भोंक कापून रुंद केलें, महिन्याचा पगार खर्चून १८ इंची स्पीकर बसविला, आणि मला ऐकावयास बोलाविलें. डग्ग्यावरची प्रत्येक थाप एकाच सुरांत ‘धब् धब्’ अशी येत होती. मनगटाच्या दाबानें आजोबा जी मींड काढीत ती कोठें गेली, हें त्या बिचाऱ्याला समजेना.

समजण्यासाठीं प्रथम कर्णा काय करतो तें पाहूं. कागदाचा शंकू उघड्या हवेंत मागेंपुढें हलला तर हवा पुढें ढकलली जाण्याऐवजी कडेनें निसटते, आणि विजेची बरीचशी शक्ति फुकट जाते. कर्ण्याच्या अरुंद कंठांत हवेला निसटावयास वाव नसतो. शंकूला तेथें भरीव विरोध मिळतो, आणि पुढें कर्णा हळूहळू रुंदावत जाऊन तो जोर खोलीभर पसरतो. तुतारी फुंकणाराचे ओठ तें केवढेसे, पण नाद वेशीबाहेर जातो.

खर्ज किती खोल जावा हें मात्र शंकू ठरवीत नाहीं; तें ठरवितो कर्णा. समजा, दर सेकंदास ४० कंपनांपर्यंत उतरावयाचें आहे. अशा सुराची एक लाट हवेंत सुमारें २८ फूट लांब असते. ती नीट बाहेर पडावयास कर्ण्याच्या मुखाचा घेर जवळजवळ तेवढाच, म्हणजे मुखाचा व्यास सुमारें ९ फूट हवा. शिवाय आंतील पोकळीचें क्षेत्रफळ दर दीड फुटाहून किंचित् अधिक अंतरावर दुप्पट व्हावें. त्याहून घाईनें रुंदावणारा कर्णा तो सूर पकडीतच नाहीं.

लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें १९३० च्या सुमारास रॉडरिक डेनमन यांनीं असा एक अजस्र कर्णा उभा केला होता. लांबी २७ फूट, मुख ७ फूट १ इंच चौरस. १९४९ मध्यें तो मोडला; पुढें २०१४ मध्यें तो पुन्हा बांधून लोकांस ऐकविण्यांत आला. या राक्षसाचा कंठ किती रुंद होता म्हणतां? इंचाहून थोडासाच अधिक! त्याच्यामागें एक चिमुकला पडदा थरथरत असे.

पण २७ फुटी कर्णा कोणाच्या दिवाणखान्यांत मावणार? अमेरिकेंत आर्कान्सा संस्थानांतील होप या गांवीं पॉल क्लिप्श यांनीं यावर फार चतुर तोड काढली, आणि १९४६ मध्यें तेथें आपला कारखानाहि सुरू केला. त्यांनीं कर्ण्याला घड्या घातल्या आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यांत ठेविली. दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा भाग झाला, त्यामुळें मुखाचें क्षेत्रफळ एक अष्टमांशावर आलें. स्पीकर त्यांनीं १५ इंची घेतला, आणि त्याच्या पाठीमागें हवेची एक बंद कोठी ठेविली. या कोंडलेल्या हवेचा ताठपणा कर्ण्यांतील हवेच्या जडपणाला तोलून धरतो. हा तोल फार नाजूक असतो.

आमच्या मित्रानें नेमका तोच बिघडविला. १२ इंची शंकूचें कामाचें क्षेत्रफळ सुमारें ८० चौरस इंच, आणि त्याच्या पेटीचा कंठ होता ४० चौरस इंच. म्हणजे प्रमाण दोनास एक. १८ इंची शंकूचें क्षेत्रफळ सुमारें १८० भरतें. कंठ तोच राहिल्यामुळें प्रमाण साडेचारास एक झालें. एवढ्या दाबानें कागद वांकतो, मुरडतो, आणि सुरांत नसलेले सूर मिसळतात. मागील कोठीची गोष्ट याहून वाईट. कोंडलेल्या हवेचा विरोध शंकूच्या क्षेत्रफळाच्या वर्गानें वाढतो. क्षेत्रफळ सव्वादोनपट, तर विरोध पांचपट! त्यांत मोठ्या स्पीकरचें लोहचुंबक कोठींतील जागा खातें तें निराळेंच. जड शंकू वरच्या कंपनांना आळसावतो, म्हणून थापेची धारहि गेली. आणि इतकें करून खर्ज खालीं उतरला का? कसा उतरणार? कर्ण्याचें मुख एक इंचभरहि वाढलें नव्हतें.

मोठा शंकू वाईट, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. तेवढ्याच आवाजास तो कमी हेलकावे घेतो, हा मोठा गुण आहे. शिवाय ९० चौरस इंचांचा कंठ ठेवून कर्णा मुळापासून आंखला, तर आरंभ रुंद असल्यामुळें, मुख आणि उतार तेच ठेवूनहि, ४० कंपनांचा कर्णा पावणेदोन फुटांनीं आंखूड होतो. लहानशा घरांत पावणेदोन फूट म्हणजे थोडेथोडके नव्हेत. मात्र कोठीहि तशीच नव्यानें मोजली पाहिजे.

गेल्या रविवारीं आम्हीं दोघांनीं प्लायवुडचें कडें कापून तें रुंद भोंक लहान केलें, फटींत लुगदी भरली, आणि जुना १२ इंची स्पीकर परत बसविला. ध्वनिमुद्रण लावलें तेव्हां त्याची आजी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि दारांतच उभी राहिली. मींड आली होती. १८ इंची स्पीकर सध्यां माळ्यावर आहे, आणि नव्या कर्ण्यासाठीं घरांतला जो एकच कोपरा योग्य, तेथें आजीचा देव्हारा आहे.