मानेसरची ‘दाली’ आणि बालवाडीतले कान

गुरुग्रामजवळचं मानेसर म्हटलं की मारुतीचा कारखाना आठवतो. तिथेच राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही आहे. वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, भारतीय भाषांत ओळखण्यासाठी डॉ. नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तिथे ‘दाली’ हा चाचणीसंच घडला. हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर तो मराठीतही आहे, ही आपल्यासाठी मोलाची गोष्ट. मराठी मुलाला इंग्रजी चाचणीवर तोलणं अन्यायाचंच.

शिक्षकांनी वापरायची त्याची प्राथमिक चाळणी पहिली-दुसरीसाठी आहे. त्यामुळे बालवाडीतल्या मुलावर शिक्का मारू नये. त्या वयात अक्षरं उलटी काढणं स्वाभाविक असतं.

पण कान उघडे हवेत. ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, ‘पाटी’शी कोणत्या शब्दाचं यमक जुळतं, हे खेळूनही सापडत नसेल, बोलणं उशिरा आलं असेल, तर ताईंनी नोंद ठेवावी, पालकांशी बोलावं, आधी ऐकण्याची तपासणी करावी. बडबडगीतं, टाळ्यांवर शब्द तोडणं, वाळूत बोटाने अक्षर गिरवणं हे सगळ्यांच्याच फायद्याचं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मदत मिळणं हा अशा मुलाचा हक्क आहे. पालकांनी तो संकोच न करता मागावा.