वारा कोणीकडचा?

डोंबिवलीच्या पूर्व भागात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तेथे नाना प्रकारची रसायने तयार होतात. कालांतराने शहर वाढले आणि राहती घरे कारखान्यांच्या कुंपणांना येऊन भिडली. २६ मे २०१६ रोजी येथील एका कारखान्यात भीषण स्फोट झाला. पुढे २३ मे २०२४ रोजी, भर दुपारी, दुसऱ्या एका कारखान्यात तसाच स्फोट झाला. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे प्राणांस मुकली आणि दूरच्या घरांच्याही काचा फुटल्या.

अशा प्रसंगी भोवतालच्या लोकांनी काय करावे? 'पळावे', असे कोणीही चटकन सांगेल. पण कोणीकडे पळावे, असे विचारताच उत्तर अवघड होते. आणि कधी कधी तर न पळणेच शहाणपणाचे ठरते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. झोपेतून दचकून उठलेले लोक वाट फुटेल तिकडे धावू लागले. वारा ज्या दिशेने वायूला नेत होता, त्याच दिशेने कित्येकजण धावले. धावताना धाप लागते आणि श्वास खोल जातो. त्यामुळे विषही अधिक गेले. हजारो माणसे दगावली. काय करावे, हे त्या वस्तीला आधी कोणी सांगितलेच नव्हते.

वायू वाऱ्याबरोबर जातो, म्हणून प्रथम वारा पाहावा. झेंडा, माडाच्या झावळ्या किंवा धुराचा लोट पाहिला, की दिशा कळते. वायूच्या पुढे पुढे धावू नये. त्याच्या वाटेतून आडवे बाहेर पडावे आणि मग, गळतीपासून दूर राहून, वारा जिकडून येतो त्या बाजूस जावे. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, तर हिवाळ्यातील रात्री पुष्कळदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून गाव सोडण्याची एकच वाट ठरवून भागत नाही.

वायूचा स्वभावही पाहावा लागतो. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरला जाणारा क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. तो गटारे, तळघरे आणि सखल जागा यांत साचतो. म्हणून तेथे लपणे घातक. वरचा मजला बरा. वायू दाराशी येऊन ठेपला असेल, तर बाहेर पडण्यापेक्षा घरात राहणे हिताचे असते. दारे-खिडक्या लावाव्यात, फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे बंद करावेत. आग पसरत असेल किंवा पुन्हा स्फोटाचे भय असेल, तर मात्र सूचना मिळताच घर सोडावे.

हा निर्णय ऐन वेळी घाबरलेल्या माणसाने करावयाचा नसतो. १९८९ साली केंद्र सरकारने घातक रसायनांविषयी नियम केले. मोठा धोका असलेल्या कारखान्याच्या आवारातील योजना कारखानदाराने आखावयाची व बाहेरच्या वस्तीची जिल्हाधिकाऱ्याने, अशी ही वाटणी आहे. बाहेरच्या योजनेची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी आणि शेजाऱ्यांना धोक्याची माहिती द्यावी, असेही त्यांत आहे.

योजना म्हणजे नुसता नकाशा नव्हे. अंथरुणास खिळलेल्या आजीला तिसऱ्या मजल्यावरून कोण उतरवील? लोहमार्गाने दुभंगलेल्या गावात सारी वाहने एकाच पुलावर लोटली, तर अग्निशामक बंब कसा येईल? आईबाप मुलांना आणावयास शाळेकडे धावतील आणि नेमका तोच रस्ता अडवतील! म्हणून शाळेची मुले कोठे नेणार, हे पालकांना आधीच ठाऊक असले पाहिजे. हे तपशील कागदावर क्षुल्लक दिसतात; परंतु योजना बहुधा त्यांच्यापाशीच अडते.

वायू ओसरल्याची अधिकृत सूचना मिळाली, की घरात थांबलेल्यांनी दारे-खिडक्या सताड उघडून काही काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे. कारण त्या वेळी बाहेरची हवा स्वच्छ झालेली असते आणि आत शिरलेला थोडाफार वायू खोल्यांतच कोंडून राहिलेला असतो.