लोकाचं कापड

६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून. त्या निमित्तानं मध्यंतरी पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांशी गप्पा मारायला गेले होते. एका मुलीनं विचारलं, ‘‘मॅडम, बातमी कशी लिहायची ते वर्गात शिकवतात. पण फीचर लिहायला कसं शिकायचं?’’ मी काहीबाही उत्तर दिलं. खरं उत्तर आठवलं ते घरी परतताना, रिक्षात. ते एका पोलक्याच्या कापडात होतं.

गोष्ट १९९४ सालची. पुण्यात मी पत्रकारितेच्या वर्गात शिकत होते. बातमीचं तंत्र तसं चटकन हाती आलं होतं. कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसं, हे सहा ‘क’ पहिल्या परिच्छेदात बसवायचे. सगळ्यात महत्त्वाचं आधी, बाकीचं उतरत्या क्रमानं. पानावर जागा कमी पडली, की उपसंपादक खालून कात्री लावतो आणि बातमीचं काही बिघडत नाही. फीचरचं तसं नसतं. त्याचा शेवट कापला, तर जीवच जातो. त्यामुळे शेवट झकास हवा, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

सरांनी विषय दिला : शहरातली एखादी जुनी घटना, ती सोसलेल्या माणसाच्या तोंडून. मी पानशेतचा पूर निवडला. १२ जुलै १९६१ला, बांधकाम पुरतं संपलेलं नसतानाच पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं ब्रिटिशकालीन धरणही गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या घरी हा विषय काढा, दुपारचा चहा संध्याकाळपर्यंत लांबतो.

ओळखीतून एक आजी मिळाल्या. पुराच्या वेळी शनिवार पेठेतल्या वाड्यात बिऱ्हाड होतं. वाडा गेला आणि पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात त्या राहायला आल्या. मी वही उघडून विचारलं, ‘‘आजी, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?’’

‘‘वाटायचंय काय? पाणी आलं, आम्ही पळालो.’’

झालं! एवढ्या भांडवलावर मी लेख लिहिला. ‘मुठामाईने रौद्ररूप धारण केले’ अशी सुरुवात. सरांनी पहिल्या पानावर तांबडी रेघ ओढली. ‘‘मुठामाईचं रौद्ररूप ग्रंथालयात बसूनही लिहिता येतं. बाईंच्या घरात त्या दिवशी काय होतं, ते तुला ठाऊक आहे का? चुलीवर काय होतं? पहिल्यांदा हातात काय घेतलं? परत जा. आणि काय वाटलं ते विचारू नकोस, काय केलं ते विचार.’’

परत गेले. या वेळी आजी खुलल्या. त्या तेव्हा तिशीतल्या, घरी शिवणकाम करायच्या. आरडाओरडा ऐकू आला तशी धाकट्याला काखोटीला मारलं, थोरलीचा हात धरला. शिवणयंत्र काही उचलेना. मग त्यावर अर्धवट शिवलेलं एक पोलकं होतं, ते ओढून कमरेला खोचलं आणि निघाल्या. ‘‘स्वतःची पेटी राहिली, भांडीकुंडी राहिली. पण ते लोकाचं कापड होतं ना! आपल्याकडे विश्वासानं दिलेलं. ते जाऊन कसं चालेल?’’

मला लेख सापडला होता.

आजी म्हणाल्या होत्या, ‘‘श्रावणातले दिवस होते.’’ सरांच्या सांगण्यावरून ग्रंथालयात वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आणि पंचांग चाळलं. श्रावण लागायला महिनाभर अवकाश होता. ‘‘बाई खोटं बोलत नाहीत,’’ सर म्हणाले, ‘‘पण आठवणीला तारीख नसते. माणसाचं सांगणं माणसाकडून घ्यायचं, तारीख फायलीतून.’’ मी श्रावण काढून टाकला. अशी काटेकोर झाले होते मी!

लेख आमच्या वर्गाच्या अंकात छापून आला. सगळ्यांनी वाखाणला. अंक घेऊन आनंदानं आजींकडे गेले. चष्मा लावून त्यांनी सावकाश शेवटापर्यंत वाचलं.

‘‘छान लिहिलंयस गं. पण मी रडले कुठं?’’

लेखाचं शेवटचं वाक्य होतं, ‘सांगता सांगता आजींचे डोळे पाणावले.’ ते पाणावले नव्हते. मला शेवट झकास हवा होता, एवढंच. मी चाचरत म्हटलं, ‘‘लेखाला जरा बरं दिसतं, म्हणून...’’

त्या रागावल्या नाहीत. अंकाची घडी घालत म्हणाल्या, ‘‘त्या दिवशीही नव्हते रडले, बाळ. पोरं घाबरली असती. तेवढं एक जमलं होतं मला.’’

मी गप्प झाले. तारीख तपासायला ग्रंथालय गाठणाऱ्या मला, समोर बसलेल्या बाईचे कोरडे डोळे दिसले नव्हते. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई मी एका वाक्यात पुसून टाकली होती.

सरांना सांगितलं. मला वाटलं, जाऊ दे म्हणतील. ते म्हणाले, ‘‘पुढच्या अंकात खुलासा दे. तुझ्या नावानं.’’ आठशे शब्दांचा लेख मी दोन रात्रींत लिहिला होता. या तीन ओळींना चार दिवस लागले. ‘मागील अंकातील पानशेतवरील लेखात आजींचे डोळे पाणावल्याचे लिहिले होते. तसे घडले नव्हते. चूक माझी आहे.’ वर्गातली मुलं हसली. मी तो अंकही आजींना नेऊन दिला. त्यांनी तो आधीच्या अंकाबरोबर ठेवून दिला आणि चहा टाकला.

आजी आता नाहीत. ध्वनिमुद्रणाची सोय आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, पण सुंदर शेवटाचा मोह काही फोनमुळे सुटत नाही. आजही शेवटच्या परिच्छेदाशी आले, की माझा हात जरा थबकतो.

त्या मुलीला हे सांगायला हवं होतं. माणूस आपल्याला त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे शिवायला कापड देतो. बेतायचं आपण, शिलाई आपली. पण कापड लोकाचं असतं. पुढच्या वेळी गेले, की सांगेन. आणि ते पोलकं? महिन्याभरानं ती बाई शोधत आली, तेव्हा आजींनी ते पुरं शिवून तिच्या हाती ठेवलं. चिखलाचा डाग मात्र निघाला नव्हता. तोही त्यांनी आधीच दाखवला.